छत्रीमास्तरांचं टप

आमच्या मामंजींना ताणलेलं कापड दिसलं की त्यांची दोन बोटं आपोआप पुढे जातात. मग ती दोरीवरची ओली चादर असो, शेजाऱ्यांची आरामखुर्ची असो, नाहीतर दुकानापुढे बांधलेली ताडपत्री. बोटं टेकवायची, हलकेच दाबायची, सोडायची आणि मान हलवायची. मान उभी हलेल की आडवी, ते कापडावर अवलंबून. एकदा बसच्या रांगेत पुढच्या गृहस्थांच्या उघड्या छत्रीवर त्यांनी अशीच बोटं टेकवली. ते गृहस्थ वळून म्हणाले, "काय हो?"

"दोन काड्या ढिल्या आहेत," मामंजी म्हणाले.

सासूबाई मध्ये पडल्या नसत्या तर त्यांनी रांगेतच ती छत्री दुरुस्तीला घेतली असती.

मामंजी म्हणजे माझे सासरे. कारखान्यात त्यांना सगळे छत्रीमास्तर म्हणत. तरुणपणी ते आपल्या काकांबरोबर छत्र्या दुरुस्त करत. आमच्या कारखान्याच्या जुन्या मालकांकडे तेव्हा एक उघडी गाडी होती, म्हणजे जिचं कापडी टप मागे दुमडून ठेवता येतं अशी. ते टप फाटलं. गादीवाले झाले, तंबूवाले झाले, कोणालाच ते नीट बसवता येईना. तेव्हा कोणीतरी चेष्टेने म्हणालं, "मोठी छत्रीच आहे की ती. छत्रीवाल्याला बोलवा." आणि खरंच बोलावलं. मामंजींनी तीन दिवस त्या गाडीभोवती घिरट्या घातल्या, कमानी उघडून-मिटून पाहिल्या आणि चौथ्या दिवशी टप असं बसवलं की मालकांनी त्यांना परत जाऊच दिलं नाही. अडतीस वर्षं ते तिथेच राहिले.

आमचा कारखाना तसा लहान. वर्षाला शे-दोनशे गाड्या बाहेर पडायच्या, पण सगळ्या वेगाच्या आणि हाताने जोडलेल्या. प्रत्येक टपाच्या आतल्या दुमडीत, जिथे कोणाची नजर जाणार नाही अशा जागी, मामंजी कापडाच्याच रंगाच्या दोऱ्याने नखाएवढी छत्री काढत. विकत घेणाऱ्याला त्याचा पत्ताही नसायचा. मी एकदा विचारलं, "कोणाला दिसतच नाही तर काढायची कशाला?" तर म्हणाले, "मला माहीत असतं ना."

मी या घरात आले तेव्हा मला शिवणकाम बरं येत होतं. दोन वर्षांनी कारखान्यात शिवणाच्या मशीनवर एक जागा रिकामी झाली आणि मामंजींनीच मला नेलं. ते कापणार, मी शिवणार. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, "इथे मी मास्तर. घरातलं नातं घरात." मी मान डोलावली. आणि तिसऱ्याच दिवशी, मशीन चालू असताना, सवयीने जोरात हाक मारली, "मामंजी, चहा गार होतोय!" सगळं काम थांबलं. त्या दिवसापासून रंगारी, सुतार, इंजिन जोडणारे, सगळेच त्यांना मामंजी म्हणायला लागले. म्हणजे मी एकटी सून जाऊन त्यांना एकदम साठ सुना झाल्या, त्यातल्या निम्म्यांना मिशा. पुढे कितीतरी दिवस ते माझ्याशी तुटक बोलत होते, पण सासूबाईंना हा किस्सा त्यांनीच रंगवून सांगितला, तेव्हा राग किती खरा होता ते मला कळलं.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे त्यांनी केलेलं शेवटचं टप.

त्यांच्या निवृत्तीला वर्ष उरलं असताना कारखान्यात नवी गाडी घडत होती. दोन माणसांची, लांब नाकाची, जमिनीला चिकटून धावणारी. तिच्या मुख्य इंजिनियर एक बाई होत्या, आम्ही त्यांना इंजिनियरबाईच म्हणायचो. चाळिशीच्या, केस कापलेले, खिशात कायम खडूचा तुकडा. त्यांनी आमच्या भिंतीवर एक मोठा फळा टांगला होता आणि त्यावर गाडीचं वजन लिहिलेलं असायचं. ते रोज खाली यायला हवं, असा त्यांचा हट्ट. कुठे पत्रा पातळ कर, कुठे भोकं पाड, कुठे दोन खिळ्यांऐवजी एक बसव. सुतारकाम करणारे काका म्हणायचे, "बाई उद्या आपल्या सगळ्यांना जेवण कमी करायला सांगतील."

एकदा डब्याच्या सुट्टीत त्यांनी मला समजावलं होतं. चपलांच्या खोक्याचं झाकण काढलं की खोकं कसं लगेच पिळवटतं, तसंच उघड्या गाडीचं असतं. साध्या गाडीला वरचं छप्पर घट्ट धरून ठेवतं. उघड्या गाडीला ते नाही. मग तिला सरळ ठेवायचं तर खालून लोखंड भरावं लागतं, आणि लोखंड भरलं की गाडी जड होते, आणि जड झाली की तिची मजा गेली. "लोखंड न भरता तिला ताठ उभी करायची," त्या म्हणाल्या, "एवढंच माझं काम आहे." एवढंच! त्यासाठी त्यांनी तीन वर्षं घालवली.

पहिली जी नमुन्याची गाडी झाली तिला आम्ही एक नंबर म्हणायचो. ती जड होती. दोन नंबरमध्ये इंजिन पुढच्या चाकांच्या मागे सरकवलं. या गाड्या चाचणीच्या रस्त्यावर पळवणारा जो माणूस होता त्याला आम्ही वादळ म्हणायचो. हा ताशी दोनशेने गाडी नेणारा माणूस घरी सायकलने जायचा, आणि वळण आलं की सायकलवरून उतरायचा. तो सांगायचा, "एक नंबर प्रत्येक वळणाला माझ्याशी भांडते. दोन नंबर भांडत नाही, पण रुसते. तीन नंबरचं बघू."

तीन नंबर आली तेव्हा तिचं वजन दोन नंबरपेक्षा एकशे चाळीस किलोंनी कमी होतं. इंजिन सुरू केल्यावर तो खर्जातला आवाज आमच्या मशीनच्या पायडलपर्यंत यायचा. वादळ पहिली फेरी मारून आला, टोपी काढली आणि नुसता बसून राहिला. बाईंनी घाबरून विचारलं, "काय झालं?"

"काही नाही," तो म्हणाला. "मी वळायचं मनात आणलं आणि ही वळली होती."

बाई पाठमोऱ्या झाल्या आणि फळ्यावर उगाचच काहीतरी पुसत राहिल्या. आम्हाला कळलं, आणि आम्ही आपापल्या कामाला लागलो.

आता तिचं टप शिवायचं होतं. त्यासाठी आधी माप घ्यावं लागतं. टपाच्या कमानी उभ्या करायच्या, पुढच्या काचेच्या वरच्या कडेपासून मागे डिकीपर्यंत खाकी कागद ताणून लावायचा आणि त्यावर पेन्सिलीने रेघा मारायच्या. तो कागद म्हणजे साचा. त्यावरून कापड कापायचं. एक नंबर आणि दोन नंबरची मापं मामंजींनी नेहमीसारखी घेतली होती. गाडी फरशीवर आणि मास्तर गुडघ्यांवर. पण गेलं वर्षभर त्यांचे गुडघे फार दुखत होते. घरी ते भिंत धरून उठायचे. कारखान्यात मात्र कोणाला कळू द्यायचे नाहीत. सकाळी फाटकाशी आलो की पाय ओढणं बंद आणि चाल एकदम शिपायासारखी.

तीन नंबरच्या वेळी ते म्हणाले, "गाडी जरा वर घ्या. उजेड नीट पडत नाही."

आमच्याकडे दोन खांबांची लिफ्ट आहे. तिचे चार लोखंडी हात गाडीच्या पोटाखाली, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे लागतात आणि गाडी अधांतरी उचलतात. चाकं नुसती लोंबतात. गाडी कमरेएवढी वर आली आणि मामंजींनी ताठ उभं राहून, एकदाही न वाकता, माप घेतलं. कागदाचं दुसरं टोक मी धरलं होतं. उजेडाचं कारण खोटं आहे हे मला माहीत होतं, पण मला त्यात बरंच वाटलं. म्हटलं, चला, आज संध्याकाळी गुडघ्यांना शेक कमी लागेल.

टप झालं. सुंदर झालं. दुमडीत छत्रीही झाली. वादळ गाडी घेऊन गेला आणि परत आला तो तोंड वाकडं करून.

"एकशे साठच्या वर गेलं की टप वाजतं."

"वाजतं म्हणजे?"

"फडफडतं. वर फुगतं आणि काचेजवळ थाड थाड आपटतं. डोक्यावर कोणी गालिचा झटकतंय असं वाटतं."

मग तीन आठवडे हेच चाललं. कमानी बदलल्या, खटके बदलले, काचेजवळचं रबर बदललं. टप वाजतच राहिलं. एक आणि दोन नंबरची टपं मामंजींचीच होती आणि ती कधीच वाजली नव्हती. मग फरक काय? तीन नंबर हलकी आहे, एवढाच. वरच्या लोकांनी निदान केलं की गाडी गरजेपेक्षा हलकी झाली, वेगात ती वाकते, आणि वाकली की टप ढिलं पडतं. औषधही ठरलं. पोटाखाली दोन जाड लोखंडी दांडे बसवायचे. वजन एकतीस किलो. वादळने ते दांडे तात्पुरते बांधून एक फेरी मारली.

"कसं वाटलं?" बाईंनी विचारलं.

"टप वाजतंच आहे, जरा कमी," तो म्हणाला. मग थोडा थांबून म्हणाला, "पण आता ही पण रुसली."

तरी कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी सगळ्यांना बैठकीला बोलावून सांगितलं, सोमवारी दांडे मंजूर करू, अजून जाड करू. गाडी बाजारात जायची तारीख जवळ आली होती. त्या बैठकीत बाईंनी एकच प्रश्न विचारला होता. आम्हीही तिथेच उभे होतो. त्या म्हणाल्या, "मास्तर, तुमच्या मापात काही इकडेतिकडे नसेल ना?"

मामंजी ताठ उभे होते. "बाई," ते म्हणाले, "अडतीस वर्षांत माझं माप चुकलं नाही."

बाईंनी मान खाली घातली, खडू घेतला आणि फळ्यावरच्या आकड्यात एकतीस मिळवले. तीन वर्षं खाली खाली येणारा आकडा पहिल्यांदा वर गेला.

हे झालं शुक्रवारी. रविवारी सकाळी सासूबाईंनी गाद्या उन्हात टाकायचं काढलं. मोठी गादी मामंजींनी स्वतः शिवलेली. तिची खोळ इतकी चोख की चुणी शोधून सापडायची नाही. हे, म्हणजे आमचे हे, गादी मधोमध दोन्ही हातांवर पेलून अंगणात घेऊन आले. दोन्ही टोकं खाली लोंबत होती.

"अरे, अशी काय आणतोस? कंबर धरेल," सासूबाई ओरडल्या. "सूनबाई, तू एक टोक धर, तो दुसरं धरेल."

मी एक टोक धरलं, यांनी दुसरं. आता मधला भाग खाली आला. मामंजी पायरीवर बसून चहा पीत होते. गादी त्यांच्यासमोरून गेली तशी त्यांची दोन बोटं पुढे झाली, खोळीवर टेकली, आणि तिथेच थांबली.

"थांबा," ते म्हणाले.

आम्ही थांबलो.

"चुण्या पडल्यात."

"गादी आहे, पडणारच," सासूबाई म्हणाल्या.

"मघाशी नव्हत्या. मघाशी ताठ होती. परत मधे धर रे."

यांनी गादी परत मधोमध पेलली. टोकं खाली गेली आणि वरचं कापड ताणून बसलं, एकही चुणी नाही. परत आम्ही दोघांनी टोकं धरली. मधला भाग खाली आला आणि वरचं कापड सैल पडून त्यात चार आडव्या चुण्या उठल्या. मामंजींनी हे आमच्याकडून पाच वेळा करून घेतलं. हे वैतागून वडिलांना म्हणाले, "अण्णा, गादी आहे ही, डंबेल नाही." मामंजींचं लक्षच नव्हतं. त्यांचा चहा गार झाला होता आणि चेहरा असा, जणू कोणी नाव घेऊन हाक मारली आणि मागे कोणीच नाही.

"सूनबाई," ते हळूच म्हणाले, "तीन नंबरचं माप घेताना गाडी कुठे होती?"

मला एकदम कळलं. गाडी लिफ्टवर होती, पोटाखाली मधोमध उचललेली, पुढचं इंजिन आणि मागची चाकं लोंबकळत. टोकं खाली झुकलेली. म्हणजे वर, काचेपासून डिकीपर्यंतचं अंतर तेवढं वाढलेलं. त्या वाढलेल्या अंतरावर आम्ही कागद लावला. आणि गाडी रस्त्यावर धावते ती चाकांवर, टोकांवर. तिथे ते अंतर कमी. टप सैल. वेगात त्यात वारा शिरणार नाही तर काय होईल?

बाईंची गाडी वाकत नव्हती. आमचा साचाच मोठा होता.

मामंजी आत जाऊन बसले. मी मागोमाग गेले. मी त्या वेळी काय म्हणाले ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मी म्हणाले, "आपण काही बोलूच नये. दांडे बसले की मी म्हणेन, कापड नव्या ठाणाचं आलंय, टप पुन्हा शिवते. तुम्ही माप गुपचूप बरोबर घ्या. टपही वाजणार नाही आणि तुमचं नावही राहील. दोन महिन्यांनी तर तुम्ही घरीच असणार."

"आणि ते दांडे?"

मी त्यांचा गार झालेला चहा गरम करायला उचलला.

"त्या बाईने एकेका खिळ्याचं वजन वाचवलंय," ते म्हणाले. "मी तिच्या गाडीच्या पोटात एकतीस किलो लोखंड भरून निवृत्त होऊ? माझ्या गुडघ्यांपायी?"

"पण सगळ्यांसमोर तुम्ही म्हणालात, माझं माप..."

"तेच तर. सगळ्यांसमोर म्हणालो." त्यांनी आपल्या दोन बोटांकडे पाहिलं. "एवढं बोलायची काय गरज होती कोण जाणे."

दुपारी ते धड जेवले नाहीत. सासूबाईंना अजून काहीच माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, "न्हाणीघराचं छप्पर वर्षभर गळतंय त्याचं यांना काही नाही, आणि गादीला चुण्या पडल्या तर जेवण जात नाही." मी हसले नाही. संध्याकाळी देवापुढे हात जोडून बसले तेव्हा नेहमीसारखं काही मागवेना. फक्त एवढं म्हटलं, की उद्या मामंजींचा आवाज कापू देऊ नकोस.

सोमवारी मामंजी फाटकाशी आले आणि पाय ओढणं थांबवलं नाही. तसेच, लंगडत, सरळ तीन नंबरपाशी गेले. रंगारी, सुतारकाका, सगळे बघत राहिले. मोठे साहेब आणि इंजिनियरबाई कागदावर सह्या करायला आले होते, वादळही होता.

"साहेब, सहीआधी पाच मिनिटं द्या," मामंजी म्हणाले. "सूनबाई, फीत धर."

आम्ही फरशीवर उभ्या गाडीचं, काचेच्या वरच्या कडेपासून डिकीपर्यंतचं अंतर मोजलं. आकडा त्यांनी बाईंच्याच फळ्यावर लिहिला. मग म्हणाले, "आता लिफ्टवर घ्या." गाडी वर गेली. पुन्हा मोजलं. सहा मिलिमीटर जास्त. त्यांनी तोही आकडा पहिल्याखाली लिहिला आणि खडू ठेवला.

"मी माप इथे, वर घेतलं," ते म्हणाले. आवाज कापला नाही. "टप सहा मिलिमीटर सैल आहे. गाडीत दोष नाही. दोष माझा आहे."

लिफ्टची मोटर तेवढी टिकटिकत होती.

"वर का घेतलंत?" बाईंनी विचारलं. त्यांचा आवाज अगदी हळू होता.

"गुडघे दुखतात. वाकता येत नाही. उजेडाचं खोटं सांगितलं."

मला वाटलं होतं, बाई म्हणतील, जाऊ द्या मास्तर, होतं असं. पण त्यांचा चेहरा लालबुंद झाला. "तीन आठवडे," त्या म्हणाल्या. "तीन आठवडे मी माझी प्रत्येक ओळ तपासतेय. मला वाटायला लागलं होतं की मला काही येतच नाही. आणि तुम्ही म्हणालात, माझं माप चुकत नाही!" एवढं बोलून त्या दार ढकलून बाहेर निघून गेल्या.

मामंजी तिथेच उभे राहिले. मोठे साहेब काहीतरी समजुतीचं बोलायला गेले, तर मामंजी म्हणाले, "नको साहेब. त्यांचं बरोबर आहे."

दहाएक मिनिटांनी बाई परत आल्या. चेहरा धुतलेला दिसत होता. त्यांनी कोणाकडेच न बघता फळ्यापाशी जाऊन ते एकतीस खसाखसा पुसले. मग वळून म्हणाल्या, "नवीन टप किती दिवसांत?"

"चार."

"गुडघे दुखतात हे आधी सांगितलं असतं तर काय झालं असतं?"

मामंजी जरा ओशाळून म्हणाले, "म्हातारा झालो असं वाटलं असतं सगळ्यांना."

"आम्हाला ते दोन वर्षांपूर्वीच वाटलंय, मामंजी," मागून सुतारकाका म्हणाले. "तुम्ही लपवत होतात म्हणून आम्ही बघत नव्हतो."

पहिला हसला तो वादळ. मग सगळेच हसले. बाई हसल्या नाहीत, पण त्यांनी स्वतः एक खुर्ची ओढून आणली आणि गाडीच्या शेजारी ठेवली. "बसा. वाकायला आम्ही आहोत."

त्या दिवशी माप असं घेतलं गेलं. गाडी फरशीवर, मास्तर खुर्चीत, आणि फरशीवर रांगत मी आणि कारखान्याच्या मुख्य इंजिनियरबाई. मामंजी वरून हुकूम सोडत होते, "डावीकडून अजून ओढा. बाई, तुमचा हात हलतोय. दम धरून रेघ मारा." बाई म्हणाल्या, "मास्तर, मी तुमची साहेब आहे." "रेघ संपली की व्हा," मामंजी म्हणाले.

जुन्या टपाच्या दुमडीतली छत्री त्यांनी स्वतः उसवली. मी म्हटलं, राहू द्या, ते टप आता कुठे जाणारच नाही. पण त्यांनी एकेक टाका काढला आणि दोरा कागदात गुंडाळून खिशात ठेवला.

चौथ्या दिवशी नवीन टप बसलं. वादळ निघाला तेव्हा मामंजी म्हणाले, "मी येतो." अडतीस वर्षं गाड्यांची टपं शिवली, पण पूर्ण वेगात ते एकाही टपाखाली बसले नव्हते. सीट इतकी खाली, की त्यांना आत बसवायला तिघं लागले. बाहेर काढायला किती लागतील यावर रंगाऱ्यांनी पैजा लावल्या.

आम्ही सगळे चाचणीच्या रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. गाडी दोनदा समोरून गेली. लांबून आधी एक बारीक गुणगुण, मग तो खर्जातला आवाज छातीत भरायचा, आणि बघेपर्यंत गाडी पार. बाईंनी माझा दंड घट्ट धरला होता. टप काळं, गुळगुळीत, नदीतल्या दगडासारखं दिसत होतं.

गाडी थांबली. वादळ उतरला आणि म्हणाला, "दोनशे वीस. माझ्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती."

"आणि गाडी?" बाईंनी विचारलं.

"रुसवा गेला."

मामंजी आतच बसून होते, डोळे मिटून. मी घाबरून धावले. म्हटलं, "मामंजी, बरं वाटतंय ना?"

"ओरडू नकोस," ते म्हणाले. "अजून ऐकतोय." डोळे उघडून त्यांनी हात वर केला, आतून टपाला दोन बोटं लावली, आणि मान उभी हलवली.

त्यांना बाहेर काढायला पाच जण लागले. दुमडीतली छत्री त्यांनी दुसऱ्या दिवशी काढली, तीही खुर्चीत बसून.

निवृत्त होण्याआधी त्यांनी लिफ्टच्या खांबावर एक पुठ्ठा चिकटवला. त्यावर ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'टपाचं माप घेताना गाडी चाकांवर उभी पाहिजे. इथे माझी चूक झाली होती.' खाली नाव नाही, एक छत्री. बाईंनी त्या पुठ्ठ्यावर काच बसवून घेतली. आणि त्याच वर्षी आमच्या खात्यात एक उंच ओटा बांधला गेला. त्यावर गाडी आपल्या चाकांनी चढून उभी राहते आणि कमरेच्या उंचीवर येते. आता मी माप घेते आणि माझ्या गुडघ्यांना काही त्रास नाही.

गेल्या महिन्यात मी आणि मामंजी भाजी आणायला निघालो होतो. औषधाच्या दुकानापुढे आमचीच एक गाडी उभी होती, लाल, टप लावलेलं. मामंजी थांबले. मी नको म्हणेपर्यंत दोन बोटं टपावर. तेवढ्यात तिचा मालक बाहेर आला. चांगला, हसरा गृहस्थ.

"काय काका, आवडली का?"

"टप छान बसलंय," मामंजी म्हणाले.

"अहो, बसलंय म्हणजे काय! दोनशेच्या वर नेली तरी हूं नाही की चूं नाही. बनवणाऱ्याच्या हाताला चूक म्हणून माहीत नसणार."

मला मनातून वाटलं, आता तरी हे ऐकून घ्यावं आणि पुढे चालू लागावं. पण मामंजींचा चेहरा खुलला, जणू कोणी त्यांना आवडीची गोष्ट सांगायचा आग्रह केला होता. त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली, काठी टपापासून लांब ठेवली आणि म्हणाले, "तसं नाही हो. हे टप आधी वाजत होतं. चांगलं थाड थाड वाजत होतं. माझ्यामुळे. सांगतो, ऐका."

भाजी त्या दिवशी राहिलीच.